खंडेनवमीला धुतलेले कीबोर्ड

आमच्या कामातली माणसं माझी ओळख करून देताना एक किस्सा हमखास सांगतात. "या आमच्या कौसल्याताई. शिकत असताना यांनी वर्गातले सगळे कीबोर्ड साबणानं धुतले होते!" मग हशा पिकतो, पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी कसनुसं हसते. हसले नाही तर म्हणतात, बाईला मिजास फार आहे. पण आता चाळिशी कधीच उलटली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, जिना चढताना गुडघे बोलायला लागलेत. आता कुणाची भीड ठेवायची? म्हणून इथं लिहून टाकते. त्या किश्श्यात हसण्यासारखं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि लोक हसायला लागले की माझं डोकं फिरतं ते त्या उरलेल्या अर्ध्यापायी.

आमचं गाव शिरूर कासारपासून पायी तासाभराच्या अंतरावर. गाव म्हणजे दीड-दोनशे उंबरे, एक मारुती आणि एक हापसा, तोही निम्मा उन्हाळा नुसती हवा ओढायचा. घर दोन खणांचं, पुढं काट्याच्या कुंपणात पंचवीसेक मेंढरं. पहाटे जाग यायची ती कोकरांच्या ओरडण्यानं आणि मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. माय बाजरीची भाकरी अशी थापायची की तिच्या बांगड्या, परात आणि चुलीतली काटकी यांचा एक ठेका धरला जायचा. पावसाच्या झडीत हुलग्याचे शेंगोळे असायचे. लसणाची फोडणी बसली की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज कुणाच्या घरी काय शिजतंय. आबा मेंढरांशी जितकं बोलायचे तितकं आमच्याशी बोलत नसत, पण जेवताना माझ्या ताटात शेंगोळ्यांचा दाट भाग पडला नाही तर मायवर डोळे वटारायचे. दोन धाकटे भाऊ होते, ते आपले कायम कशावर तरी चढलेले.

हे सगळं दसऱ्यापर्यंत. दसरा तोंडावर आला की घर परक्यासारखं वागायला लागायचं. पत्रे, बाज, हंडे, गोधड्या, जळणाच्या मोळ्या एका कोपऱ्यात जमा व्हायच्या. मेंढरं चुलत्याच्या हवाली व्हायची. आबा दगडावर कोयत्यांना धार लावत बसायचे आणि तो खर्र खर्र आवाज माझ्या दातांत शिरायचा. मग मारुतीपुढं गाडी लागायची आणि अर्धं गाव ऊस तोडायला निघून जायचं, ते उन्हाळ्याला परत. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आबा आणि माय हा एक कोयता होता. दहावीपर्यंत मी मागं आजीजवळ राहिले म्हणून शाळा पुरी झाली. दहावीचा निकाल लागला आणि पावसाळ्यात आजी गेली. आता मला कुणाजवळ ठेवायचं? वयात आलेली पोरगी घरात एकटी ठेवायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. एक तर सोबत न्यायची, नाही तर टोळीतलाच एखादा पोरगा बघून लग्न लावायचं आणि नवा कोयता उभा करायचा.

त्याच पावसाळ्यात शिरूरमध्ये बाजारामागच्या एका खोलीत कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला. कुठल्याशा संस्थेनं आठ मशिनी आणून मांडल्या होत्या. टोळीवर जाणाऱ्यांच्या पोरापोरींना फुकट शिकवणार होते. दसऱ्यानंतर परीक्षा, आणि जो पास होईल त्याला पुढचा सहा महिन्यांचा वर्ग आणि तालुक्याच्या वसतिगृहात जागा. मला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. तो खातात की पितात हेही माहीत नव्हतं. मला ऐकू आलं ते फक्त वसतिगृह.

मी ते आबांच्या कानावर घातलं. तिसऱ्या दिवशी मेंढरांना पाणी पाजता पाजता म्हणाले, "कौसे, पास झालीस तर ऱ्हा. नापास झालीस तर गुमान गाडीत बसायचं. मंग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत," मी म्हणाले.

आमच्यापासून तिसरं घर वैजंताचं. माझ्याच वर्गातली, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा दुपटीनं धीट. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, आमच्याच टोळीतले. त्यांनी आबांचं ऐकून तिलाही तोच शब्द दिला: पास झालीस तर कौसीबरोबर ऱ्हा. पण त्यांच्या नजरेत एक पोरगा आधीच भरला होता. टोळीत त्याला जोडीदारीण नव्हती म्हणून त्याचा कोयता अडला होता. वैजंता नापास झाली तर तिचं काय होणार, हे आम्हा दोघींनाही न सांगता कळत होतं. रोज चालत जाता-येता आम्ही त्या पोराला नावं ठेवायचो. तो वाईट नव्हता बिचारा. पण आम्हाला हसायला काही तरी पाहिजे होतं.

वर्गावर साळवे सर होते. नगरकडचे, पंचविशीतले, अंगानं किडकिडीत, शर्ट कायम खोचलेला. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. पहिला महिना त्यांनी आमच्याकडून पडद्यावर चित्रं काढून घेतली. घर, दोन डोंगर, डोंगरामधून उगवणारा सूर्य. अहो, सूर्य बघायचा तर तो आम्हाला रोज चालत येताना दिसत होताच की! आठ मशिनी आणि बत्तीस पोरं. एका मशिनीला चौघं. त्यात माउस कायम पोराच्या हातात, कारण पोरगं आधी पळत जाऊन खुर्ची धरायचं, आणि आम्ही पोरी त्याच्या मानेवरून वाकून बघायचो. दुसऱ्या महिन्यापासून लाइटीची तऱ्हा. लाइट अकराला जायची ती दोनला यायची आणि आमचा वर्ग अकरा ते एक. सरांना म्हटलं, वेळ बदला. सर म्हणाले, वेळापत्रक पुण्याहून येतं. आता लाइट काही पुण्याला विचारून जात नव्हती! दोन तास काळ्या पडद्यासमोर बसून आम्ही वहीत कॉम्प्युटरचे भाग लिहून काढायचो. मला आजही ती वही आठवली की फाडून टाकावीशी वाटते.

शेवटी वैजंताच उठली आणि सरांच्या दारात जाऊन उभी राहिली. सर शेजारच्याच खोलीत राहायचे, दात घासत होते. "सर, आमी सकाळी सातला येतो. तुमी नुस्तं दार उघडा. बाकीचं आमचं आमी बघतो." सरांच्या तोंडात फेस, नाही कसं म्हणणार? तेव्हापासून आम्ही पाच-सहा पोरी अंधारात घर सोडून सातला वर्गात हजर. तेव्हा कुठं माझ्या बोटांना बटणं लागली. ए-एस-डी-एफ, एल-के-जे-एच. इंग्रजी परिच्छेद टाइप करायचे, त्याचा अर्थ बापजन्मात कळत नव्हता, पण बोटांना अर्थाशी काय करायचंय? घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळी बटणं आखून घेतली होती. ओसरीवर बसून त्या कागदावर बोटं आपटायची. माय म्हणायची, "ही पोरगी येडी झाली. कागदाला चिमटे काढायली." आणि मी उठले की नेमकी गरम भाकरी त्याच कागदावर ठेवायची. आमच्या घरात दुसरा कागद नव्हता का? मी चिडले की म्हणायची, "भाकर काय त्येच्याहून हलकी हाय का गं?" परीक्षेपर्यंत त्या कागदावरची मधली ओळ तव्याच्या काळ्यानं पुसून गेली होती, पण तोवर मला बघायची गरज उरली नव्हती. वैजंताला तर कधीच नव्हती. ती माझ्यापेक्षा किती तरी वेगानं टाइप करायची. तिचा हात चालू झाला की फुटाणे भाजल्यासारखा आवाज यायचा. सर म्हणायचे, "वैजंताची काळजी नाही, तू स्वतःकडं बघ."

सरांना एका गोष्टीचं मात्र वेड होतं. धूळ. "धूळ हा कॉम्प्युटरचा दुश्मन आहे," हे वाक्य ते रोज म्हणायचे. चपला बाहेर, हात साबणानं धुऊन आत, मशिनींवर कापडी खोळी. आमच्या भागात धूळ म्हणजे काय सांगू? ती दार लावून थांबते होय? रोज सकाळी खोळ काढली की बटणांच्या फटीत पिवळी पावडर. सर कपाळाला हात लावायचे आणि आमच्याकडं असं बघायचे की ती आम्हीच पदरात बांधून आणली.

आता खंडेनवमीचं सांगते. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातली चिंधीन् चिंधी धुतली जाते. सिंदफणेच्या पात्रात बायकांची रांग लागते, गोधड्या दगडावर आपटल्याचा आवाज पार वरच्या आळीपर्यंत येतो. आणि नवमीला पाळी हत्यारांची. कोयते, कुऱ्हाड, विळे, मेंढरं कातरायची कात्री, सगळं राखेनं घासायचं, धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. ज्याच्यावर आपलं पोट, त्याला वर्षातून एक दिवस आंघोळ आणि आराम. आमच्या घरात हे घासायचं काम माझ्याकडं असायचं आणि मी ते झकास करायची. माझ्या हातच्या कोयत्यात तोंड दिसायचं.

सर सणाला घरी निघाले. किल्ली माझ्याकडं दिली. मी विचारलं, "सर, नवमीला मशिनींची पूजा करू का?"

"करा की," सर पिशवी उचलत म्हणाले. "पण आधी स्वच्छ करून ठेवा हं. धूळ कसली बसलीये बघ."

बस. एवढंच बोलणं झालं. हे मी किती तरी वेळा मनात घोळवलं आहे. त्यांनी पुढं एक वाक्य बोलायला हवं होतं. नाही बोलले. आणि बोलले नाहीत कारण त्यांच्या डोक्यातच आलं नसेल की कुणाला हे सांगावं लागतं. शिकवणाऱ्यानं हेच तर डोक्यात आणायचं असतं! आज मी पोरींना शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी सांगते, यात पाणी घालायचं नाही. त्या हसतात. हसू देत.

नवमीला सकाळी आम्ही सहाजणी वर्गात जमलो. मागच्या तारा ओढून आठही कीबोर्ड काढले, घमेल्यात भरले आणि बाजारतळाच्या हापशावर नेले. वैजंता तेवढी जराशी थबकली. "कौसे, ह्यात पानी चालतंय का गं?"

"पडद्याला आन् डब्याला न्हाई चालत," मी ऐटीत सांगितलं. "त्यात लाइट आसती. ह्ये नुस्ती बटनं हायेत."

"बघ बाई. मला तर भ्याव वाटायलंय."

"तुला कशाचं बी भ्याव वाटतंय. आन इकडं ती पावडर."

वैजंताला भीती वाटते असं म्हणणारी मी जगात एकटीच असेन. तिनं निमूटपणे धुण्याच्या पावडरीची पुडी माझ्या हातावर ठेवली. लिंबाच्या काडीनं मी एकेक फट कोरून काढली. पाणी काळं निघालं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मग हापशाच्या धारेखाली धरून खळाखळा धुतले आणि उन्हात कठड्यावर ओळीनं मांडले. ऊन असं होतं की तासा-दोन तासांत वरून कोरडे ठणठणीत. परत नेऊन जोडले, प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला, नारळ फोडला. खोबरं-गूळ खात आम्ही त्या चकचकीत बटणांकडं बघत बसलो. मला वाटलं, सर आले की पाठ थोपटतील.

सर आले ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मशिनी सुरू केल्या तर दोन कीबोर्ड ठार मेलेले. सरांनी एक उलटा केला, त्यातून अजून पाणी ठिबकलं. ते पाणी बघून त्यांचा चेहरा असा झाला की मी भिंतीला टेकले. "अक्कल गहाण टाकली होती का? कॉम्प्युटरची वस्तू पाण्यात घालतं का कुणी? कुणाची ही अक्कल?" "माझी," मी म्हणाले. मग जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, पोरांसमोर बोलले. मेंढरामागची ती मेंढरामागचीच राहणार, असंही एक वाक्य त्यात होतं. ते नंतर त्यांना लागलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी मला उगाचच चहा पाजला. पण वाक्य गेलं ते गेलं.

त्यांनी संस्थेला फोन करून कीबोर्ड मागितले. उत्तर आलं: अर्ज करा, मंजुरी येईल, परीक्षेच्या दिवशी साहेब स्वतः येतच आहेत. अरे, परीक्षा आठ दिवसांवर आणि अर्ज कसला? शेवटी सरांनी एका झेरॉक्सवाल्याच्या हातापाया पडून दोन जुने कीबोर्ड उसने आणले. आजही काही बदललेलं नाही. मागं एका शाळेत गेले तर पोरांना आलेले टॅब कपाटात कुलूप लावून ठेवलेले. का म्हणून विचारलं तर म्हणे, पोरं खराब करतील. मी म्हटलं, मग आणले कशाला, नवमीला पूजेला? तिथंही लोक हसले. माझ्या रागाला लोक हसतात, हा माझा भोगच आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच सरावाला बसले, सहा नंबरच्या मशिनीवर. सगळं नीट चाललं होतं. मग एक अक्षर चुकलं म्हणून बॅकस्पेस, म्हणजे मागचं अक्षर खोडायचं बटण, दाबलं. ते खालीच राहिलं. एक अक्षर गेलं, शब्द गेला, ओळ गेली. शेळी पाला ओरबाडते तसं ते बटण माझं लिहिलेलं खात मागं मागं निघालं. मी नखानं वर उचललं तेव्हा थांबलं. आत साबण आणि हळद वाळून घट्ट बसली होती. टाचणीनं कोरलं, दाबून बघितलं. दोनदा नीट वर आलं, तिसऱ्यांदा परत अडकलं. परत कोरलं. मग चार वेळा नीट आलं आणि मी स्वतःला सांगितलं, झालं दुरुस्त.

झालं नव्हतं. मला माहीत होतं की झालं नाही. सर बाहेर ओट्यावर कुणाशी तरी भांडत होते. दहा पावलं जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. झेरॉक्सवाल्याकडून आणखी एक आणता आला असता. पण मी उठले नाही. मला ते वाक्य परत ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती होती की सर म्हणतील, हिचं नावच काढा परीक्षेतून. वसतिगृहाची यादी त्यांच्याच हातात होती. मी खोळ घातली आणि घरी आले.

परीक्षेला बत्तीसातली आठच उरलो होतो. बाकीच्यांच्या गाड्या हलल्या होत्या. टोळीला कोण सांगणार की बाबांनो, आमची परीक्षा आहे, थांबा? आठ मशिनी, आठ माणसं. सहावर कुणी ना कुणी बसणारच होतं. मी सगळ्यांच्या आधी गेले आणि दोन नंबरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. एकेक येत गेला आणि बसत गेला. वैजंताचा पत्ता नाही. तिच्या आईनं तिला सकाळीच गिरणीवर पिटाळलं होतं, प्रवासाचं दळण आणायला. पोरीची परीक्षा असेना का, दळण महत्त्वाचं! ती आली तेव्हा परीक्षक दार लावत होते. धापा टाकत होती, वेणीवर पीठ. खोलीभर नजर फिरवली, सहा नंबर मोकळा दिसला, माझ्याकडं बघून हसली आणि जाऊन बसली.

परीक्षक जिल्ह्याहून आलेले, पोक्त, थंड आवाजाचे. त्यांनी विचारलं, "मशीनबद्दल कुणाला काही अडचण? आत्ता सांगा. वेळ सुरू झाल्यावर चालणार नाही."

त्यांनी विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं. मी मान खाली घालून माझ्या बटणांकडं बघत राहिले. त्या वेळी डोक्यात काय होतं ते नीट सांगते, कारण नंतर मी त्याला बरीच झालर लावली. डोक्यात होतं की ती चुकतच नाही, तिला ते बटण लागणारच नाही. आणि डोक्यात होतं की आता बोलले तर पहिला प्रश्न येईल, तुला कसं माहीत?

वेळ सुरू झाली. परिच्छेद बघून टाइप करायचा, मशीनच वेग आणि चुका मोजणार. मागून फुटाण्यांचा आवाज सुरू झाला, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात. मला हायसं वाटलं. मग तो आवाज थांबला. "अगं माय," ती हळूच म्हणाली. बटणावर बोट आपटल्याचा आवाज. परत फुटाणे. परत थांबला. मग जोरात आपटल्याचा. धावून आल्यामुळं तिची बोटं थरथरत असणार, नाही तर ती चुकणारी नव्हती. "सर, ह्ये बटन आडकायलंय, समदं खोडून टाकतंय."

"आधी विचारलं होतं," परीक्षक म्हणाले.

साळवे सर धावत आले, हातात काढलेला मेलेला कीबोर्ड घेऊन, दुसरा होताच कुठं त्यांच्याकडं? माझी बोटं चालत होती. मी थांबले नाही. एक शब्दही गाळला नाही. वेळ संपली तेव्हा माझ्या पडद्यावर निकाल आला, काठावरचा, पण पास. वैजंताच्या पडद्यावर लाल अक्षरं होती.

सर परीक्षकांशी भांडले. पार आवाज चढवून भांडले. "साहेब, ही वर्गातली सगळ्यात पुढची पोरगी आहे, तिला दुसऱ्या मशीनवर बसवा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे." परीक्षक म्हणाले, एका नावाला एकदाच परीक्षा उघडते, पुढची आता उन्हाळ्यात. उन्हाळ्यात! तेवढ्यात संस्थेचे साहेब गाडीतून उतरले. त्यांनी कीबोर्ड आणले नव्हते, फलक आणला होता. भला मोठा, कापडी, रंगीत. आम्हा आठही जणांना ओट्यावर उभं करून तो धरायला लावला. वैजंतानं उजवं टोक धरलं होतं. फोटोवाला म्हणाला, "पीठवाल्या ताई, जरा हसा." तो फोटो संस्थेच्या पुस्तिकेत बरीच वर्षं छापून येत होता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुस्तिका चुलीत घातली.

आबांनी शब्द पाळला. माझी पत्र्याची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन वसतिगृहाच्या दारात आणून ठेवली आणि परत फिरले. तिथून माझं सगळं सुरू झालं. नोकरी, पगार, स्वतःचं केंद्र, शिकून गेलेल्या पोरी. त्याबद्दल बोलायला मला कुणी ना कुणी बोलावतच असतं. वैजंताचं लग्न त्याच हंगामात कारखान्यावरच्या कोप्यांमध्ये, ऊसतोड्यांच्या त्या पाचटाच्या झोपड्यांत, लागलं. अडलेला कोयता चालू झाला. पुढं पुष्कळ वर्षांनी मला कळलं की तिच्या कमरेनं दगा दिला आहे आणि ती आता तोडीला जात नाही. मी तिला केंद्रावर बोलावलं. आली नाही. म्हणाली, आता बोटं वळत न्हाईत.

पण मला जे लिहायचंय ते टोळी निघाली त्या सकाळचं. मी वसतिगृहातून आईबापांना निरोप द्यायला गावात आले होते. मारुतीपुढं गाडी उभी, वर पत्रे, बाजा, गोधड्या, त्यावर माणसं. माय माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं कोंबत होती आणि रडायचं नाही म्हणून मलाच रागावत होती. वैजंता मागच्या फळीशी बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी फळीला धरून उभी राहिले. ती वाकली, कुणी ऐकू नये म्हणून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "कौसे, येक इचारू? राग न्हाई ना येणार?"

"इचार की."

"त्या सहा नंबरचं बटन आडकतंय, ह्ये तुला म्हाईत हुतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिच्या तोंडावरचा ताण एकदम उतरला. जणू तिच्याच अंगावरचा आळ फिटला. "त्येच मी दादाला सांगायले," ती म्हणाली. "दादा म्हनायले, त्या पोरीनंच धुतलंतं, तिला म्हाईत आसणार. मी म्हनलं, कौसीला म्हाईत आसतं तर तिनं मला तिथं बसूच दिलं नसतं. भांडली आसती माज्यासंगं, पर बसू दिलं नसतं. आसं का न्हाई?"

गाडी चालू झाली होती. मी फळी सोडली आणि मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "हो."